दोन तारखांची सूची : पीतज्वर प्रयोगांच्या पत्रव्यवहारावरील प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) प्रयोगांसंबंधीचा एक मोठा कागदपत्रसंग्रह अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या क्लॉड मूर आरोग्यविज्ञान ग्रंथालयात आहे. त्यातील निवडक पत्रांची टिपांसह मराठी सूची करण्याचे काम आजपासून हाती घेतले. संग्रह फिलिप हेंच आणि वॉल्टर रीड या दोघांच्या नावाने ओळखला जातो आणि त्यातील पुष्कळ कागदांच्या प्रतिमा संगणकावर पाहता येतात, त्यामुळे पुण्यात बसून हे काम होण्यासारखे आहे.

रीड हे १९०० साली क्यूबात पीतज्वराचा तपास करणाऱ्या अमेरिकी लष्करी मंडळाचे प्रमुख, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला सहसा माहीत असते. हेंच त्या वेळी चार वर्षांचे होते. पुढे मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये त्यांनी संधिवातावर काम केले, आणि कॉर्टिझोनच्या उपचाराबद्दल त्यांना एडवर्ड केंडल व टाडेउश राइशश्टाइन यांच्याबरोबर १९५० चे नोबेल मिळाले. पीतज्वराशी त्यांचा व्यवसायाने काहीही संबंध नव्हता. तरीही १९३७ मध्ये त्यांनी या प्रयोगांत भाग घेतलेल्या, पण आता म्हाताऱ्या झालेल्या माणसांना पत्रे पाठवायला सुरुवात केली आणि १९६५ साली मृत्यू येईपर्यंत हा विषय सोडला नाही. त्यांना या प्रयोगांचा साधार इतिहास लिहायचा होता, पण तो ग्रंथ झालाच नाही. त्यांच्या पश्चात पत्नीने सगळे कागद व्हर्जिनिया विद्यापीठाला दिले, कारण रीड यांनी १८६९ साली वैद्यकाची पदवी तेथूनच घेतली होती. ग्रंथ झाला नाही हे अभ्यासकाच्या दृष्टीने बरेच झाले, असे मला वाटते. तो झाला असता तर शिंप्याने बेतलेल्या कापडासारखे उरलेले तुकडे कोणी सांभाळून ठेवले असते का, याची शंका आहे.

१० जानेवारी

सूचीचे रकाने ठरवले. पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, कोठून लिहिले, ते हस्तलिखित आहे की टंकलिखित, मूळ आहे की कार्बन प्रत, हे नेहमीचे रकाने आहेतच. त्याखेरीज प्रत्येक पत्रातील प्रत्येक महत्त्वाच्या विधानापुढे दोन तारखा द्यायच्या : घटना घडल्याची तारीख आणि ती कागदावर उतरल्याची तारीख.

यामुळे काम दुप्पट होणार आहे, पण त्याला पर्याय दिसत नाही. रीड यांनी ९ डिसेंबर १९०० रोजी पत्नीला लिहिलेले पत्र हे आदल्या रात्री घडलेल्या गोष्टीविषयी आहे. त्याच दिवसांविषयी प्रयोगातील एक स्वयंसेवक जॉन मोरान यांनी हेंच यांना लिहिले ते ३७ वर्षांनी. दरम्यानच्या काळात रीड यांचे चरित्र निघाले होते, सूक्ष्मजीवांचा माग काढणाऱ्या शास्त्रज्ञांवरील एक अतिशय लोकप्रिय पुस्तक निघाले होते आणि रंगभूमीवर या प्रयोगांचे नाटकही झाले होते. १९३८ मध्ये चित्रपटही आला. म्हणजे हेंच ज्यांना प्रश्न विचारत होते, त्यांनी स्वतःचीच गोष्ट इतरांच्या तोंडून अनेकदा ऐकलेली होती. त्यांच्या आठवणी खोट्या ठरवण्याचा हेतू नाही; पण १९०० चा कागद आणि १९३७ नंतरचा कागद एकाच रकान्यात बसवले, तर वाचणाऱ्याला दोन्ही एकाच वजनाचे वाटतील.

१९ जानेवारी

ऑगस्ट आणि सप्टेंबर १९०० ची पत्रे लावून झाली. टिपांमध्ये पार्श्वभूमी थोडक्यात द्यावी लागेल, म्हणून ती येथेच मांडून ठेवतो.

अमेरिकी लष्कराचे सर्जन जनरल जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी नेमलेल्या मंडळात चौघे होते : वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लझिअर आणि अरिस्टिडीस आग्रामोंटे. जून १९०० अखेर मंडळ हवानाजवळच्या केमादोस येथील कोलंबिया बराकीत कामाला लागले. इटालियन शास्त्रज्ञ ज्युसेप्पे सानारेल्ली यांनी पीतज्वराचा म्हणून जाहीर केलेला जिवाणू रोग्यांमध्ये सापडतो का, हे त्यांनी आधी तपासले, आणि तो सापडेना. जुलैमध्ये पिनार देल रिओच्या छावणीत वेगळाच पुरावा हाती आला. तेथील कोठडीत जूनपासून बंद असलेल्या नऊ कैद्यांपैकी एकालाच पीतज्वर झाला आणि तो दगावला. उरलेल्या आठांना काहीही झाले नाही, त्यांतला एक तर त्याच्याच बिछान्यावर झोपला होता. रोग कपड्यालत्त्यांतून आणि अंथरूण-पांघरुणातून पसरतो या त्या काळच्या सर्वमान्य समजुतीला हे धरून नव्हते. खिडकीतून काहीतरी आत येऊन एकालाच बाधून गेले असावे, असा तर्क रीड यांच्या मनात तेव्हाच आला.

ऑगस्टच्या आरंभी मंडळ हवानातील डॉक्टर कार्लोस फिन्ले यांच्याकडे गेले. फिन्ले यांनी १८८१ मध्येच हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे, पीतज्वर डासामुळे पसरतो, हा सिद्धान्त मांडला होता. त्यांनी डासांची अंडी दिली, आणि ती उबवून डास पोसण्याचे काम लझिअर यांच्याकडे आले, कारण जॉन्स हॉपकिन्समध्ये हिवतापाच्या डासांवर काम केलेले ते एकटेच होते. रीड मात्र लष्करातील विषमज्वराचा अहवाल पुरा करण्यासाठी वॉशिंग्टनला परतले. यामुळे पुढचे सगळे महत्त्वाचे आठवडे रीड पत्रांवर अवलंबून होते, आणि आपल्या सुदैवाने ही पत्रे उरली आहेत.

२७ ऑगस्टला कॅरोल यांनी स्वतःला डास चावून घेतला. त्या डासाने बारा दिवसांपूर्वी, आजाराच्या दुसऱ्या दिवशी असलेल्या एका रोग्याचे रक्त शोषले होते. कॅरोल मरणाच्या दारात जाऊन परतले. ते बरे होत असल्याची तार मिळाल्यावर रीड यांनी ७ सप्टेंबरला त्यांना लिहिलेले पत्र आनंदाने अक्षरशः उड्या मारते, आणि त्याच पत्राला जोडून एक प्रश्न येतो : हे डासानेच केले का? मित्र वाचल्याचा आनंद आणि पुराव्याची भूक एकाच कागदावर आहेत, आणि त्यांतला एकही भाव खोटा वाटत नाही.

दुसऱ्याच दिवशी, ८ सप्टेंबरला, लझिअर यांनी पत्नी मेबल यांना लिहिले की खऱ्या रोगकारकाचा माग आपल्याला लागला आहे असे वाटते, पण याचा सुगावाही कोणाला लागता कामा नये. २५ सप्टेंबरला लझिअर पीतज्वराने वारले. वय ३४. नुकत्याच जन्मलेल्या मुलीला त्यांनी पाहिलेही नव्हते.

२३ जानेवारी

लझिअर यांना डास चावला कसा, यावर दोन थर आहेत. १३ सप्टेंबरला लास आनिमास रुग्णालयात रोग्यांवर डास लावत असताना एक मोकळा डास हातावर बसला आणि त्यांनी तो हुसकला नाही, अशी हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांनी मुद्दामच स्वतःवर प्रयोग केला असावा, अशी शंका तेव्हाच्या सहकाऱ्यांतही होती. याचा निकाल लावू शकली असती ती त्यांची खिशातली छोटी वही. रीड यांनी ऑक्टोबरमधील पहिल्या निबंधासाठी ती वापरली. १९०२ मध्ये रीड यांच्या मृत्यूनंतर मात्र ती नाहीशी झाली. सूचीत या प्रश्नाला मी एकच ओळ देणार आहे. कागद नाही तेथे तर्कांची संख्या वाढवून काही हाती लागत नाही.

५ फेब्रुवारी

आजचा संपूर्ण दिवस एका कागदावर गेला. नोव्हेंबर १९०० मध्ये आंतोनिओ बेनिग्नो नावाच्या स्पॅनिश स्थलांतरिताने केलेला करार, म्हणजे ज्याला आज आपण लेखी संमतिपत्र म्हणू तो कागद. स्पेनच्या वायव्येकडील कोरुन्या प्रांतातून आलेला हा माणूस. करार स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होता. क्यूबाचे अमेरिकी लष्करी गव्हर्नर लेनर्ड वुड यांनी प्रयोगांसाठी १०,००० डॉलर मंजूर केले होते, आणि हवानातील स्पॅनिश वकिलातीने प्रयोगात येणारा माणूस सज्ञान असावा व त्याची संमती असावी अशा अटींवर हरकत घेतली नव्हती.

कराराचे शब्द काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहेत. सही करणारा पंचवीस वर्षांहून मोठा आहे आणि स्वतःच्या मर्जीने प्रयोगाला तयार होत आहे. पीतज्वर झाल्यास आपल्या जिवाला काही प्रमाणात धोका आहे हे तो जाणतो. पण या बेटावर राहिल्यास लागण टाळणे आपल्याला सर्वथा अशक्य असल्यामुळे, मंडळाकडून उत्तम शुश्रूषा मिळेल या भरवशावर तो ती जाणूनबुजून करून घेणे पसंत करतो. मोबदला शंभर डॉलर, अमेरिकी सोन्याच्या नाण्यांत. रोग झाल्यास आणखी शंभर. मृत्यू आल्यास ती रक्कम तो सांगेल त्या व्यक्तीला. प्रयोग चालू असताना छावणीची हद्द ओलांडली, तर पैशांवरचा हक्क जातो.

अमेरिकी लष्करातील साध्या शिपायाला महिन्याला १५ डॉलरच्या आसपास पगार मिळत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे वजन कळते. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पुस्तकांत हा कागद लेखी संमतीचा आरंभीचा नमुना म्हणून गौरवाने दाखवला जातो, आणि त्या काळात असे काही लिहून घेणे हीच मोठी गोष्ट होती, हे मान्यच करायला हवे. पण दोन गोष्टींकडे फारसे कोणी बोट दाखवत नाही. पहिली अशी की जिवाला ‘काही प्रमाणात’ धोका असल्याचे ज्या छावणीत लिहून घेतले जात होते, त्या छावणीला दोनच महिन्यांपूर्वी याच रोगाने गेलेल्या लझिअर यांचे नाव दिलेले होते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. लागण टाळणे अशक्य आहे, या गृहीतकावर करार उभा आहे. प्रयोग उभा होता तो नेमका उलट्या गृहीतकावर, की या बंदिस्त छावणीत, ज्याला आम्ही डास चाववू त्याच्याखेरीज कोणालाही लागण होणार नाही. छावणीत रोग आपोआप येत असता, तर प्रयोगाला काडीचाही अर्थ उरला नसता. एकाच मंडळाने एका हाताने लिहिलेला करार आणि दुसऱ्या हाताने आखलेली योजना यांत हा विरोध आहे, आणि माझ्या मते सूचीतील सर्वांत मोठी टीप याच कागदाला मिळायला हवी.

९ फेब्रुवारी

‘छावणी लझिअर’ २० नोव्हेंबर १९०० रोजी उभी राहिली. तिच्यातील दोन लाकडी इमारतींचे वर्णन रीड यांच्या १९०१ च्या निबंधांत तपशिलाने आहे, त्यामुळे येथे पत्रांना प्रकाशित मजकुराची जोड मिळते.

पहिली इमारत चौदा फूट बाय वीस फूट. खिडक्या मुद्दाम अशा केलेल्या, की उजेड आणि वारा आत येऊ नये. आतली हवा स्टोव्हने गरम आणि दमट ठेवलेली. डास येऊ नये म्हणून जाळीचे दुहेरी दार. ३० नोव्हेंबरच्या संध्याकाळी डॉक्टर रॉबर्ट कूक आणि लेव्हाय फोक व वॉरन जर्निगन हे दोन शिपाई आत गेले. पीतज्वराच्या रोग्यांच्या वांतीने, मलमूत्राने आणि रक्ताने भरलेले कपडे व चादरी ज्या पेट्यांत कोंबून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी उघडल्या, झटकल्या, आणि त्यांवरच झोपले. पेटी उघडताच तिघांनाही उमासे आले आणि ते बाहेर पळाले. मग परत आत गेले. हे वीस रात्री चालले. त्यांच्यानंतर दुसरी तुकडी गेली, मग तिसरी, आणि जानेवारी अखेरपर्यंत एकूण ६३ रात्री लोक त्या घाणीत झोपले. एकालाही पीतज्वर झाला नाही. रोग्याचे सामान जाळण्याचा, जहाजे धुरी देऊन रोखून ठेवण्याचा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला खर्चिक उद्योग या एका लहानशा खोलीने निकालात काढला.

दुसऱ्या इमारतीत मध्यभागी तारेची जाळी. एका बाजूला पंधरा बाधित डास सोडलेले. २१ डिसेंबरला दुपारी मोरान त्या बाजूला जाऊन पडून राहिले. त्या दिवशी दोनदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा. जाळीच्या पलीकडे दोघेजण त्याच हवेत श्वास घेत झोपत होते आणि त्यांना काहीही झाले नाही. मोरान नाताळच्या दिवशी आजारी पडले.

या दोन खोल्यांविषयी इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे की रोगाने पछाडलेल्यांच्या कहाण्यांपुढे पहिल्या इमारतीतल्या लोकांची नोंद फिकी पडते. त्यांना काही झाले नाही, म्हणून सांगण्यासारखेही काही उरले नाही. पुराव्याच्या दृष्टीने मात्र त्यांचे काही न होणे हे मोरान यांच्या तापाइतकेच मोलाचे होते.

१४ फेब्रुवारी

जॉन किसिंजर आणि जॉन मोरान यांची फाइल. दोघेही ओहायोहून आलेले. किसिंजर रुग्णसेवा पथकातील शिपाई, मोरान लष्करी मुख्यालयातील मुलकी कारकून. दोघांनीही पैसे नाकारले. किसिंजर यांना ५ डिसेंबरला डास चावले आणि ८ डिसेंबरला ताप आला. छावणीतील पहिला यशस्वी प्रयोग तो. ९ तारखेचे रीड यांचे पत्र याच घटनेविषयी आहे. एकोणिसाव्या शतकातील वैद्यकीय शोधांत घटसर्पाचे प्रतिविष आणि कॉखचा क्षयजंतू सोडले, तर आपले हे काम सर्वांत महत्त्वाचे ठरेल, असे ते पत्नीला सांगतात. पत्र लिहिले जात होते त्या वेळी किसिंजर तापाने फणफणत होते, हे दोन तारखांच्या रकान्यामुळे आज एका दृष्टिक्षेपात दिसले.

दोघांपैकी आधी पुढे कोण आले, हा प्रश्न हेंच यांच्या काळातही धगधगत होता. मला त्यात फार रस नाही. त्यापेक्षा किसिंजर यांच्या वाट्याला पुढे काय आले, ते नोंदवण्यासारखे आहे. काही वर्षांनी त्यांच्या पायांतली शक्ती गेली आणि घर चालवण्यासाठी पत्नीला लोकांचे कपडे धुवावे लागले. १९२९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून प्रयोगांत भाग घेतलेल्यांची सन्मानयादी केली, सुवर्णपदके दिली आणि महिना १२५ डॉलरचे वेतन लावले. त्या यादीत स्पॅनिश स्थलांतरितांपैकी एकाचेही नाव नाही.

१६ फेब्रुवारी

परवाची टीप पुढे नेतो. किसिंजर यांच्यानंतर त्याच आठवड्यात आजारी पडलेले पुढचे तिघेही स्पॅनिश होते, आणि आंतोनिओ बेनिग्नो त्यांतले एक. रीड यांनी १९०१ मध्ये एका व्याख्यानात या लोकांविषयी एक गमतीदार परिच्छेद लिहिला आहे : आमच्या डासांना, जेवणाच्या ताटाभोवती घोंगावणाऱ्या निरुपद्रवी माश्या म्हणून हसणाऱ्या या भल्या मित्रांचा विज्ञानातला रस, सोबती एकामागून एक आजारी पडताच, अचानक आटला आणि त्यांपैकी कित्येक छावणी सोडून चालते झाले. श्रोते हसले असतील. मला मात्र त्या विनोदाखाली एक गंभीर साक्ष दिसते. धोका खरा आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांनी पैशांवर पाणी सोडले आणि ते निघून गेले, आणि त्यांना कोणी अडवले नाही. करारातील संमती मागे घेता येत होती, याचा याहून चांगला पुरावा नाही, आणि तो थट्टेच्या रूपाने उरला आहे.

माझ्या सूचीत आतापर्यंत अमेरिकी स्वयंसेवकांची पत्रे आहेत, त्यांच्या विधवांची आहेत, जेफरसन रँडॉल्फ कीन आणि आल्बर्ट ट्रुबी यांच्यासारख्या अधिकाऱ्यांची आहेत. हेंच यांनी प्रश्न विचारले ते अशांना, ज्यांचे पत्ते निवृत्तिवेतनाच्या कार्यालयातून किंवा ओळखीपाळखीतून मिळू शकत होते. इतिहासाचा एवढा मोठा भाग डाकघराच्या वाटेने आला आहे. ज्याचा पत्ता नाही, त्याला प्रश्न नाही. आणि ज्याला प्रश्न नाही, त्याची आठवण कागदावर नाही. म्हणून स्पॅनिश स्वयंसेवकांना सूचीत ‘उल्लेख’ या सदरात न टाकता पत्रलेखकांच्या बरोबरीने स्वतंत्र व्यक्तिनोंदी द्यायच्या, असे ठरवले : नाव, गाव, डास चावल्याची तारीख, ताप आल्याची तारीख. चार ओळीच होतील, पण त्या असतील.

२२ फेब्रुवारी

फिन्ले यांच्याविषयीचे कागद. याच पत्रव्यवहारात रीड लिहितात की सिद्धान्त फिन्ले यांचा होता आणि तो सुचवल्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे, पण त्यांनी तो सिद्ध केला नाही म्हणून सगळ्यांनी फेटाळला. पहिला भाग उदारपणाचा आहे, दुसरा अपुरा. १८८१ पासून फिन्ले यांनी शंभराहून अधिक लोकांवर डास लावून पाहिले होते. ते अपयशी का ठरले, याचे उत्तर अमेरिकी डॉक्टर हेन्री रोज कार्टर यांच्या निरीक्षणात आहे. १८९८ मध्ये मिसिसिपीतील ऑरवुड आणि टेलर या खेड्यांत कार्टर यांनी पाहिले, की एखाद्या घरात पहिला रोगी आढळल्यानंतर त्या घरातील पुढचे रोगी लगेच होत नाहीत, मध्ये साधारण दोन ते तीन आठवडे जातात. रोगकारकाला डासाच्या अंगात पिकायला बारा दिवसांच्या आसपास लागतात. फिन्ले काहीच दिवस थांबून डास लावत, तोवर तो डास निरुपद्रवीच असे. डास त्यांनी ओळखला होता, त्याची जातही अचूक सांगितली होती. कॅलेंडर तेवढे चुकले होते.

पुढे नोबेल पारितोषिकासाठी फिन्ले यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, सुचवणाऱ्यांत सिकंदराबादला हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉसही होते. पारितोषिक मिळाले नाही. क्यूबात ही जखम अजून ओली आहे. हेंच यांचा पत्रव्यवहार वाचताना जाणवते की त्यांना हा वाद कळत होता. छावणीचे स्मारक उभारताना क्यूबाच्या डॉक्टरांना बरोबर घेतल्याशिवाय पाऊल टाकता येणार नाही, हेही कळत होते.

२८ फेब्रुवारी

छावणीची जागा नेमकी कोठे होती, यावर हेंच यांनी खर्च केलेला वेळ थक्क करणारा आहे. एकाहून अधिक जागा सांगितल्या जात. हेंच स्वतः क्यूबात गेले, हवानातच स्थायिक झालेल्या मोरान यांना बरोबर घेतले, जुनी छायाचित्रे जमिनीशी ताडून पाहिली आणि १९४० च्या सुमारास मारियानाओजवळच्या एका शेतात पहिली इमारत अजून उभी असल्याचे निश्चित केले. ३ डिसेंबर १९५२ रोजी, म्हणजे फिन्ले यांच्या जन्मदिवशी, तेथे स्मारकाचे उद्घाटन झाले. मोरान तोवर हयात नव्हते.

४ मार्च

आज एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “हे सगळे मराठीत कशाला?” नाक मुरडून नव्हे, जिज्ञासेने. उत्तर टिपेच्या स्वरूपात लिहून ठेवतो, कारण प्रस्तावनेत ते लागेल.

पीतज्वर भारतात नाही, पण तो वाहून नेणारा एडिस इजिप्ती डास आपल्या घरांतल्या पाण्याच्या पिंपांत आणि कूलरमध्ये राहतो. डेंग्यूही मुख्यतः तोच पसरवतो. म्हणूनच आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वरग्रस्त देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे लशीचा दाखला नसेल, तर त्याला मुंबईच्या विमानतळावरून सहा दिवस विलग ठेवले जाऊ शकते. त्या लशीमागेही हिंदुस्थानचा एक धागा आहे. १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत अॅड्रियन स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पीतज्वर पहिल्यांदा प्राण्यात देता आला तो भारतातून नेलेल्या ऱ्हीसस माकडात. तोवर माणसाखेरीज प्रयोगाला दुसरा आधार नव्हता. स्टोक्स त्याच वर्षी त्या रोगाने गेले. दहा वर्षांनी मॅक्स थायलर यांची लस आली.

आणखी एक गोष्ट आपल्या अधिक जवळची. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला पहिली शंका आली ती पीतज्वर आशियात शिरल्याची. तपासात वेगळाच, गोचिडीतून पसरणारा विषाणू निघाला. तोच माकडताप गेल्या दशकात गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातील दोडामार्गात येऊन पोचला. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांकडून रक्ताचे नमुने आणि लशीसाठी संमती घेतली जात असे. बेनिग्नोचा करार मराठीत वाचण्याचे कारण यापेक्षा वेगळे सांगण्याची गरज मला वाटत नाही.

११ मार्च

१९०१ ची पत्रे. छावणी लझिअरमध्ये एकही स्वयंसेवक दगावला नाही, ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते, की तिच्यात कौशल्य किती आणि नशीब किती हे विचारायचे राहून जाते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवानाच्या लास आनिमास रुग्णालयात क्यूबाचे डॉक्टर हुआन गितेरास यांनी, सौम्य लागण करवून प्रतिकारशक्ती देता येईल या आशेने, बाधित डास चाववले. तिघांचा मृत्यू झाला. त्यांत न्यू जर्सीची पंचवीस वर्षांची परिचारिका क्लारा मास होती. डासांची जात तीच, शुश्रूषा उत्तम. ‘काही प्रमाणात धोका’ या शब्दांचा खरा अर्थ या तीन मृत्यूंनी सांगितला. गितेरास यांचे प्रयोग रीड मंडळाचे नसले, तरी या सूचीत त्यांना जागा द्यायची असे ठरवले, आणि संमतिपत्राच्या टिपेतून त्यांच्याकडे निर्देश द्यायचा.

१५ मार्च

पहिल्या भागाचा मसुदा तयार होऊन तपासणीसाठी गेला. तारखांच्या दोन रकान्यांवर मुद्रिताच्या रुंदीचे कारण देऊन आक्षेप आला आहे. त्याऐवजी वाटल्यास ‘मूळ की प्रत’ हा रकाना टिपेत ढकलावा, पण तारखा दोन्ही राहाव्यात, असे कळवले. दुसऱ्या भागाची सुरुवात कॅरोल यांच्या १९०१ च्या शरदातील कामापासून होईल. रोग्याचे रक्तद्रव्य जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळल्यावरही त्याने रोग होतो, हे त्यांनी दाखवले, आणि मानवी रोगाचा कारक गाळणीतूनही निसटण्याइतका सूक्ष्म असू शकतो हे पहिल्यांदा सिद्ध झाले. त्या प्रयोगांसाठीही माणसेच लागली होती. त्यांची नावे आधी काढायची आहेत.